इंग्रजी शिकणं आणि इंग्रजीविषयी शिकणं

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एक शंका येणार हे ठाऊकच होतं. सगळी नोकरी तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली, मग आता इंग्रजी विभागाच्या ओसरीवर जाऊन बोलायचं काय कारण? शंका रास्त आहे, तेव्हा आधी तिचं उत्तर देऊ.

विसाव्या शतकातलं तत्त्वज्ञान बरंचसं भाषेच्या वाटेनं चाललं. शब्दाला अर्थ कुठून येतो, 'वचन देतो' असं म्हणणं ही माहिती की कृती, हे प्रश्न आमच्या वर्गात रोजचे होते. सोस्यूर, ऑस्टिन, ग्राइस ही नावं भिंतीपलीकडच्या इंग्रजीच्या एम.ए.च्या वर्गातही घेतली जात. फरक एवढाच, की आमच्याकडे त्यांच्याशी भांडण चाले आणि पलीकडे त्यांच्यावर टिपा लिहिल्या जात. परीक्षा जवळ आली की पलीकडची मुलं वही घेऊन आमच्याकडे येत. "एवढं समजावून सांगा, पाठ आहे पण कळलेलं नाही," म्हणत. त्या भेटींतून वर्षानुवर्षं जे दिसत गेलं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

विषय एका पेपरापुरता आहे. नाव विद्यापीठागणिक थोडं बदलतं, पण इंग्रजीच्या एम.ए.ला 'इंग्रजी भाषा आणि भाषाविज्ञान' अशा अर्थाचा एक पेपर असतो. कविता, नाटक, कादंबरी, समीक्षा हे सगळे पेपर एका बाजूला आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला. काही मुलं त्याला घाबरतात, काही 'स्कोअरिंग' आहे म्हणून खूश असतात, आणि दोन्ही प्रकारची मुलं तो घोकूनच देतात. आपलं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं आहे: मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी ज्या एका पेपरात कुणाच्याही मागे असायचं कारण नाही, नेमका तोच पेपर आपण त्याला सर्वांत मागे टाकणारा करून ठेवला आहे.

एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो, म्हणजे मुद्दा हवेत राहणार नाही. गावाचं आणि कॉलेजचं नाव नको. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, मेहनती मुलगी. इंग्रजीचे ४४ ध्वनी तिला तोंडपाठ होते: २४ व्यंजनं आणि २० स्वर. प्रत्येक व्यंजनाचं तीन-तीन शब्दांचं वर्णन घडाघडा म्हणायची. फोनीम म्हणजे काय, असं विचारल्यावर पुस्तकातली व्याख्या आली. व्याख्या संपली तिथं तीही थांबली.

तिला म्हटलं, इंग्रजी जरा बाजूला ठेव. 'माझा' असं म्हण. आता 'माझी' म्हण. दोन्हींतला झ एकच आहे का? "एकच की, झ तो झच." पुन्हा म्हण म्हटलं. तिनं तीनदा म्हटलं, चौथ्यांदा मध्येच थांबली आणि हसायला लागली. "अय्या, 'माझी' म्हणताना जीभ मागे जाते!"

जातेच. 'माझा'मधला झ दातांजवळचा, 'माझी'मधला टाळूचा. मग तिलाच उदाहरणं सुचायला लागली. घरचा, घरची. तुझा, तुझे. 'त्याचे' म्हटलं की टाळूचा च, आणि तेच बोलताना 'त्याचं' म्हटलं की दातांचा. पुढे इ, ई, ए किंवा य आला की जीभ आपोआप टाळूकडे जाते. हा नियम तिला कुणी शिकवलेला नव्हता. लिपीतही तो दिसत नाही, कारण अक्षर एकच आहे. तरी बोलायला लागल्यापासून ती तो बिनचूक पाळत आली होती.

इथवर वाटतं की हे दोन आवाज म्हणजे एकाच ध्वनीची दोन रूपं. मग तिला विचारलं, 'जरा थांब'मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाची 'जरा', हे दोन्ही सारखे उच्चारतेस का? नाही. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे 'जगत राहा', हे सारखे का? नाही. म्हणजे पुढे अ आला तर हेच दोन आवाज अर्थ बदलतात, आणि पुढे ई आली तर त्यांच्यातला भेदच मिटतो. फोनीम कशाला म्हणायचं, एका फोनीमची रूपं कशाला म्हणायचं आणि दोन फोनीममधला भेद कुठे लोपतो, हे तिन्ही प्रश्न अर्ध्या तासात तिच्या तोंडातून बाहेर आले. पुस्तकात या सगळ्याला एक अख्खं प्रकरण लागतं.

आता उलट बाजू बघू. इंग्रजीत 'टॉप' म्हणताना ट बरोबर हवेचा छोटा झोत येतो, 'स्टॉप' म्हणताना येत नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांना हा फरक दाखवून द्यावा लागतो, कारण त्यांच्या भाषेत त्यानं अर्थ बदलत नाही. आपल्याकडे 'टोक' वेगळं आणि 'ठोक' वेगळं. महाप्राण म्हणजे काय हे आपल्या कानाला जन्मापासून ठाऊक आहे. म्हणजे इंग्रजीचं हे गुपित ऐकायला मराठी कान इंग्रजी कानापेक्षा अधिक तयार आहे! आणि याच मुलीला वर्गात सर्वांसमोर सांगितलं गेलं होतं, की तुझ्या इंग्रजीला मराठीचा वास येतो. त्यानंतर तिनं वर्गात तोंड उघडणं बंद केलं होतं.

हे असं का झालं? एखाद्या शिक्षकाला दोष देऊन हात झटकता येणार नाहीत. याला इतिहास आहे.

योगायोगाची गोष्ट म्हणजे या इतिहासातल्या दोन मोठ्या घटना एकाच शहरातल्या आणि एकाच तारखेच्या आहेत. शहर कलकत्ता, तारीख २ फेब्रुवारी. १७८६ साली त्या दिवशी विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढे व्याख्यान दिलं आणि संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्यातलं साम्य इतकं खोल आहे की त्या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं मांडलं. तुलनात्मक भाषाविज्ञानाची सुरुवात सांगताना हे व्याख्यान आवर्जून सांगितलं जातं. १८३५ साली त्याच तारखेला मेकॉलेनं आपलं शिक्षणविषयक टिपण लिहिलं. त्यातली फडताळाची तुलना सगळ्यांना पाठ आहे, ती पुन्हा नको. लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. त्याच टिपणात त्यानं कबूल केलंय की आपल्याला संस्कृतही येत नाही आणि अरबीही येत नाही. जोन्स न्यायाधीश होते, पण पंडितांपुढे बसून संस्कृत शिकले. मेकॉलेला न शिकताच निकाल देता आला.

एका २ फेब्रुवारीतून भाषांकडे कुतूहलानं बघण्याची परंपरा निघाली आणि दुसरीतून इंग्रजी ही पायरी चढून जाण्याची परंपरा. आपल्या एम.ए.च्या पेपराच्या नावात या दोन्ही आहेत, 'इंग्रजी भाषा' आणि 'भाषाविज्ञान'. कागदावर मध्ये एक 'आणि' आहे. वर्गात मात्र पहिलीनं दुसरीला केव्हाच गिळलं आहे.

इंग्रजी साहित्य हा विषय विलायतेतून तयार होऊन आपल्याकडे आला, असं आपण समजतो. तेही तितकंसं खरं नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि इंग्रजी ग्रंथांचा अभ्यास त्याच्या शिक्षणात आरंभापासून होता. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची स्वतंत्र पदवी-शाखा १८९४ साली आली, केंब्रिजमध्ये १९१७ साली. तिकडे संस्कारासाठी ग्रीक-लॅटिन होतं, इंग्रजी ही घरची भाषा होती. वसाहतीत इंग्रजीलाच ते काम दिलं गेलं. त्यामुळे आपल्याकडे इंग्रजी विभागाकडे एक गुप्त जबाबदारी आली, ती म्हणजे माणूस सुसंस्कृत करण्याची. उच्चार सुधारणं हा त्या संस्काराचा भाग झाला. शब्दांचे उच्चार कसे होतात हे बघण्याऐवजी ते कसे झाले पाहिजेत, हे सांगणं हेच ध्वनिविज्ञान होऊन बसलं.

वेगळं घडू शकलं असतं का? घडलं होतं, एका माणसाच्या बाबतीत तरी. जे. आर. फर्थ हे १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला, पंजाब विद्यापीठात, इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे लंडनला १९४४ साली ब्रिटनमधलं सामान्य भाषाविज्ञानाचं पहिलं प्राध्यापकपद त्यांना मिळालं. इंग्लंडमध्ये जे ध्वनिविज्ञान घडलं त्याच्या पाठीशी भारतीय वैयाकरण आणि ध्वनिचिंतक आहेत, हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. शब्द ओळखायचा तर तो कुणाच्या संगतीत वावरतो ते बघा, हा त्यांचा सिद्धांत. आपल्याकडे ढवळ्याशेजारी पवळा बांधला तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात, तसंच काहीसं. आज संगणकावर कोट्यवधी शब्दांचे संग्रह तपासून कोशकार अर्थ ठरवतात, त्याचा एक मोठा धागा फर्थपर्यंत जातो. आता या चित्राकडे नीट बघा. इंग्रजीचा प्राध्यापक हिंदुस्थानात येतो, अनेक भाषांच्या मध्ये उभा राहतो आणि परत जाताना भाषाविज्ञ झालेला असतो. आम्ही इंग्रजीचे विभाग याच देशात दीडशे वर्षं चालवले. अनेक भाषा रोज वर्गात येऊन बाकावर बसत होत्या. आम्ही त्यांना 'मातृभाषेचा अडथळा' असं नाव दिलं.

पुण्याजवळच उदाहरण आहे. डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं आणि १९५० च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या मदतीनं तिथं भाषाविज्ञानाचे वर्ग भरले. देशभरचे तरुण अभ्यासक तिथं घडले. त्याच दशकात, १९५८ साली, हैदराबादला इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली. तिचं काम इंग्रजीचं अध्यापन सुधारणं हे होतं आणि ते आवश्यकही होतं. पण आपल्या साध्या कॉलेजांतल्या इंग्रजी विभागात जे पाणी पोचलं ते हैदराबादच्या कालव्याचं. डेक्कनची विहीर शेजारी असून तिच्यावर पोहरा फारसा कुणी टाकला नाही. ना. गो. कालेलकरांच्या 'भाषा : इतिहास आणि भूगोल' या पुस्तकाला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अशोक केळकरांच्या 'रुजुवात'ला २०१० चा मिळाला. म्हणजे या विषयावर मराठीत उत्तम लेखन आहे आणि त्याचा सन्मानही झालेला आहे. इंग्रजीच्या किती विद्यार्थ्यांना या पेपरासाठी ही पुस्तकं वाचायला सांगितली गेली? आमच्या ओसरीवर आलेल्यांपैकी एकालाही नाही.

आता पेपरातली विसंगती बघू. ज्या ४४ ध्वनींचं पाठांतर होतं, ते दक्षिण इंग्लंडच्या सुशिक्षित वर्गाच्या उच्चारपद्धतीचे आहेत. खुद्द ब्रिटनमध्ये तशी बोलणारी माणसं थोडी आहेत. स्कॉटलंडच्या माणसाची स्वरांची यादी वेगळी निघते, अमेरिकेतल्याची आणखी वेगळी. ४४ ही इंग्रजीची संख्या नाही, इंग्रजीच्या एका बोलीची आहे. हे एवढं वाक्य पहिल्या तासाला सांगितलं तर पेपराचं रूपच बदलेल. कारण मग पुढचा प्रश्न येतो, की आपल्या बोलण्यातल्या इंग्रजीचे ध्वनी किती? आणि तो मोजायला वर्गातच सोय आहे.

त्याच पेपरात दुसरीकडे ब्रज काचरू यांच्यावर टीप असते. काचरू काश्मीरचे. भारतीय इंग्रजी ही बिघडलेली इंग्रजी नसून तिची स्वतःची घडण आहे, हे त्यांनी आयुष्यभर मांडलं आणि इंग्रजीच्या तीन वर्तुळांची कल्पना दिली. विद्यार्थी ही तीन वर्तुळं काढतो, नावं लिहितो, गुण मिळवतो. मग पान उलटतो आणि पुढच्या प्रश्नात लंडनच्या उच्चाराप्रमाणे शब्द लिहून दाखवतो. आपल्या बोलण्याला जागा देणारा विचार आणि ती नाकारणारी कसोटी एकाच उत्तरपत्रिकेत शेजारी बसलेली असतात. ना विद्यार्थ्याला यात काही खटकतं, ना तपासणाऱ्याला. टीका करायची तर या न खटकण्यावर करायला हवी.

सोस्यूरचंही तेच. हा माणूस संस्कृतचा जाणकार, संस्कृतमधल्या षष्ठीच्या एका प्रयोगावर त्याचा प्रबंध. त्याचं गाजलेलं पुस्तक १९१६ साली, त्याच्या मृत्यूनंतर, विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून सहकाऱ्यांनी तयार केलं. आमची ही बोलणी ऐकून लिहून काढणाऱ्या मंडळींना एवढा दिलासा पुरे! सोस्यूर म्हणतो की शब्दाची किंमत शेजारच्या शब्दांवरून ठरते. आमची मुलं इथं पाठ्यपुस्तकातलं फ्रेंच-इंग्रजी मेंढीचं उदाहरण लिहितात. खरं तर प्रत्येकाच्या घरात उदाहरण शिजत असतं. शेतात उभा असतो तो भात, दुकानातून आणतो ते तांदूळ, ताटात वाढतो तो पुन्हा भात. विदर्भातला मुलगा लगेच म्हणेल, आमच्याकडे शेतात असतं ते धान. इंग्रजीत या सगळ्याला 'राइस'. शब्द म्हणजे वस्तूंना लावलेल्या चिठ्ठ्या नाहीत, प्रत्येक भाषा आपला वावर आपल्या बांधांनी वाटून घेते, हे यातून जितकं कळतं तितकं परक्या मेंढीवरून कळणार नाही.

इथं दोन आक्षेप येतात. दोन्ही वजनदार आहेत, तेव्हा त्यांना बगल द्यायची नाही.

पहिला आक्षेप पालकांचा आणि मुलांचाही. "तुम्ही च आणि झ च्या गमती सांगता, आमच्या मुलाला मुलाखतीत इंग्रजी बोलता आलं पाहिजे." अगदी बरोबर. वाघिणीचं दूध म्हणून ज्यांना ते पाजलं गेलं त्यांनी, पोट भरल्यावर, इतरांना ताकाचे गुण सांगू नयेत. ज्याला चांगलं इंग्रजी हवं त्याला ते मिळालंच पाहिजे, आणि आपलं बोलणं दुसऱ्याला समजावं म्हणून उच्चारावर मेहनत घेण्यात काही गैर नाही. पण इंग्रजी शिकणं वेगळं आणि इंग्रजीविषयी शिकणं वेगळं. पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावं लागतं, पाण्याचं रसायनशास्त्र वाचून पोहता येत नाही. एकाच पेपरावर आम्ही दोन्ही कामं टाकली. त्या ४४ ध्वनींच्या पाठांतरानं कुणाचं बोलणं सुधारलेलं आम्ही पाहिलं नाही, आणि भाषेविषयीचं कुतूहल विझताना मात्र अनेकदा पाहिलं. बोलण्याचा सराव बोलण्याच्या तासाला द्या, रोज द्या, भरपूर द्या. भाषाविज्ञानाच्या तासाला भाषेकडे बघू द्या.

दुसरा आक्षेप बरोबर उलट्या बाजूनं येतो. "हे सगळं आपल्याकडे होतंच. पाणिनीनं सगळं सांगून ठेवलंय." ब्लूमफील्डसारख्या अमेरिकन भाषाविज्ञानं पाणिनीला मानवी बुद्धीच्या थोर शिखरांत बसवलं, चॉम्स्कीनंही त्याची आठवण काढली, हे खरं आहे. आपली वर्णमाला म्हणजे उच्चारस्थानांचा सुरेख तक्ता आहे, हेही खरं. कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ अशी ती घशापासून बाहेर येते. एम.ए.चा विद्यार्थी 'व्हीलर प्लोझिव्ह' घोकतो तेव्हा तो पहिलीत म्हटलेला क-वर्ग आहे, हे त्याला सांगायलाच हवं. पण तिथं थांबलो तर आपण मेकॉलेच्याच आळशीपणाची दुसरी आवृत्ती काढतो. त्यानं न वाचता हिणवलं, आपण न वाचता मिरवतो. पाणिनी मोठा झाला कारण त्यानं आपल्या भोवतीची बोलली जाणारी भाषा कान देऊन ऐकली, प्रदेशाप्रदेशातले फरक नोंदवले. त्याचा वारसा सांगायचा तर एस.टी. स्टँडवर उभं राहून ऐकावं लागेल. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंदच आहे. पण दर्जा मिळाला म्हणून भाषेकडे बघण्याची नजर येत नाही.

मग करायचं काय? आमच्या हातात आता अभ्यासक्रम नाही, तेव्हा ठराव मांडण्यात अर्थ नाही. एक-दोन प्रश्न मात्र पुढे ठेवतो. कुठल्याही वर्गात, उद्यापासून, खडूशिवायही ते विचारता येतात.

पहिला प्रश्न. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना आपल्यासारखं लिंग नाही. मग तिथून आलेल्या शब्दांना आपण ते कुठून देतो? ती बस, ती कार, ती जीप. तो ट्रक, तो टेम्पो, तो ट्रॅक्टर. एखादा म्हणेल, शेवटच्या अक्षरावरून. टेम्पो ओकारान्त म्हणून तो. ठीक, मग मेट्रो? 'मेट्रो सुरू झाली' असंच आपण म्हणतो. शब्द नवा, आलाय अलीकडे, कुणी बैठक घेतली नाही, ठराव केला नाही, आणि तरी मेट्रो ती झाली. मग दुसरा म्हणेल, माणसं नेणारी 'गाडी' म्हणून ती. चांगली कल्पना आहे, आता तिला धक्का देणारा शब्द शोधा. एक विधान करायचं, त्याला मोडू शकणारा पुरावा शोधायचा आणि मोडलं तर विधान दुरुस्त करायचं. विज्ञान म्हणतात ते हेच.

दुसरा प्रश्न. इंग्रजी 'टेबल'मधला पहिला आवाज आपला त नाही आणि ट ही नाही, दोन्हींच्या मधल्या जागेचा आहे. मराठी कानानं त्याला ट च्या घरात नेलं. का? एक कारण असं दिसतं, की दातांजवळची जागा 'थिअरी'सारख्या शब्दांना लागली होती. पोर्तुगीज त दातांजवळचा, म्हणून 'मेस्त्री' त नं आला. छान जमलं. पण मग पोर्तुगिजांकडूनच आलेला बटाटा दोन-दोन ट घेऊन का बसलाय? वर्गात कुणीतरी हे विचारलं पाहिजे. शिक्षकाकडे तयार उत्तर नसलं तरी चालेल. किंबहुना नसलं तर तास चांगला होईल.

आणि असे प्रश्न विचारताना वर्गात काय घडतं ते बघा. ज्या मुलाच्या घरी अहिराणी बोलतात, जिच्या घरी मालवणी किंवा वऱ्हाडी बोलतात, ती मुलं अचानक वर्गातली सर्वांत महत्त्वाची माणसं होतात. त्यांच्याजवळ पुरावा आहे. 'माझी'मधला झ तुझ्याकडे कसा म्हणतात, हे त्यांनाच विचारावं लागतं. कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलालाही त्यांच्याकडे वळून ऐकावं लागतं. इंग्रजी विभागात हे एरवी घडत नाही.

शेवटी एका छोट्या शब्दाविषयी. मघापासून आम्ही कधी 'आम्ही' म्हणतोय आणि कधी 'आपण'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, 'वी'. मराठीत 'आम्ही जातो' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, 'आपण जाऊ' म्हटलं की तो आत येतो. जगातल्या अनेक भाषांत हा भेद आहे, अनेकांत नाही, आणि इंग्रजीच्या विद्यार्थ्याला तो एका मिनिटात कळतो कारण तो तो रोज वापरतो. इंग्रजीच्या वर्गात आम्ही शिक्षक 'वी' म्हणत आलो. इंग्रजी वाङ्मयाचे 'आपण' वारसदार, असा त्याचा सूर असे. मागच्या बाकावर बसलेल्या मुलांना मात्र ते 'आम्ही' असंच ऐकू येत होतं, आणि त्यांचं ऐकणं चुकीचं नव्हतं.

ती मुलगी पुढे पास झाली. कितव्या वर्गात, ते महत्त्वाचं नाही. निकालानंतर भेटायला आली आणि म्हणाली, "आता कुणीही बोलत असलं की त्याची जीभ कुठे लागतेय तिकडेच लक्ष जातं. घरात सगळे वैतागलेत." आणि मग जरा थांबून, "वर्गात दोनदा प्रश्न विचारला." दुसऱ्या वाक्यासाठीच हा पेपर असायला हवा होता.

आज इथंच थांबू. बटाट्याचं कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा.